वाटी रिकामी परत जाऊ नये

थंडी पडली की मरोद्यात सकाळचे ऊन अंगणात जरा उशिराच उतरते. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी पाणी साठवणारे तलाव जवळच आहेत. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला की पहाटे त्या बाजूला गारठा जास्तच जाणवतो. रात्रपाळी करून आलेला नवरा झोपलेला, मुले शाळेत गेलेली आणि हाताशी तासभर मोकळा. मग भाजी निवडण्याच्या निमित्ताने शेजारणी उन्हात येऊन बसतात. एक हरभऱ्याचा कोवळा पाला खुडते, दुसरी मटार सोलते. एकीचे माहेर भंडाऱ्याचे, दुसरीचे धमतरीचे, तिसरीचे बालाघाटचे.

या भागाचे मैत्रीशी नाते जुने आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दोन देशांच्या त्या स्नेहाची खूण म्हणून १९७२ मध्ये मरोद्याजवळ 'मैत्री बाग' तयार झाली. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, पण बाग अजून आहे. हिवाळ्यातल्या सुटीच्या दिवशी डबे घेऊन तिथे जाण्याचा बेत भिलाईतल्या कितीतरी घरांत ठरतो.

पण शेजारणींची मैत्री जमते ती वाटीमुळे. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्याकडची जुनी रीत. कारखान्याच्या वसाहतीत याच रीतीने एका प्रांताचे जेवण दुसऱ्या प्रांताच्या ताटात गेले. वैदर्भीय घरातली सांबारवडी पलीकडे गेली आणि तिकडून तांदळाच्या पिठाचा चीला आला.

छत्तीसगढची अंगाकर रोटी पाहून तर विदर्भातल्या सुनेला माहेरच आठवावे. तिथे कणकेचे पानगे पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, इथे तसेच तांदळाच्या पिठाचे करतात. रात्रीचा उरलेला भात कुस्करायचा, त्यात तांदळाची पिठी आणि मीठ मिसळून मळायचे आणि बोटभर जाड रोटी थापायची. निखारे नसतील तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायची. पिठात तीळ आणि चिरलेली कोथिंबीर घातली तर चव वाढते. सोबतीला भाजलेल्या टोमॅटोची, हिरवी मिरची-लसणाची चटणी. छत्तीसगढीत टोमॅटोला पताल म्हणतात. उरलेल्या भाताची न्याहारी होते आणि गरम घास पोटात जातो.

हा गरम घास सगळ्यांच्याच ताटात पडतो असे मात्र नाही. वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या काकू डोळ्यांसमोर आणा. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला आणि यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले. "एकटीसाठी काय गॅस पेटवायचा?" असे म्हणत त्या सकाळी चहा-टोस्ट घेतात आणि रात्री दूध-पोहे. थंडीत तहान कमी लागते म्हणून पाणीही कमीच पितात. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढू शकतो, हे त्यांना ठाऊक असते. तरी गोळ्या संपून चार दिवस झाले तरी आणायच्या राहून जातात. मुलांच्या फोनवर उत्तर ठरलेले असते, "मी अगदी मजेत आहे."

फोनवरून न कळणारे हे सारे शेजारणीच्या मात्र लक्षात येते. दोन दिवस कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, दाराशी दुधाची पिशवी तशीच राहिली, की ती वाटी घेऊन दार वाजवते. "दीदी, आज भाजी जास्त झाली," असे म्हणत आत येते. बंद खोलीत कोळशाची शेगडी दिसली तर आधी खिडकी उघडते आणि शेगडी बाहेर नेऊन ठेवते. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळण्याआधीच त्याचा घात करतो. तिने वाटीतून आणलेल्या भाजीपेक्षा ही उघडलेली खिडकी मोठी असते.

छत्तीसगढने असे नाते मनापासून जपले आहे. इथे 'मितान' करण्याची प्रथा आहे. दोघे मित्र किंवा दोघी मैत्रिणी महाप्रसाद, गंगाजल किंवा श्रावणात रुजवलेली भोजली एकमेकांना देऊन आयुष्यभराची मैत्री पत्करतात. पुढे एकमेकांना नावाने हाक मारायची नाही, तर 'महाप्रसाद' किंवा 'भोजली' म्हणूनच बोलवायचे. दोन्ही घरे सोयरी होतात आणि सुखदुःखात धावून येतात. २००२ मध्ये छत्तीसगढमध्ये पाड्यापाड्यातल्या महिलांमधून आरोग्य स्वयंसेविका निवडण्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्यांना नाव मिळाले 'मितानिन', म्हणजे मैत्रीण. आजारी माणसाच्या दारात आधी मैत्रीण पोहोचते, हे तिथे फार पूर्वीपासून माहीत होते. देशभर आशा कार्यकर्त्यांची योजना आली ती त्यानंतर, २००५ मध्ये.

वसाहतीतल्या मैत्रीला एक काच नेहमीच असतो. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते. कोणी दुर्गला घर बांधते, कोणी नागपूरला मुलाकडे जाते. पंचवीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेल्या दोघी एका सकाळी सामानाच्या ट्रकजवळ उभ्या राहतात आणि काय बोलावे ते सुचत नाही. त्या वेळी एकीच्या सामानात दुसरीची वाटी हमखास सापडते. ती मुद्दाम परत केलेली नसते.

या हिवाळ्यात संक्रांतीच्या तिळगुळाची वाट पाहत बसू नका. तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत एकटे राहणारे कोणीतरी असेलच. आज भाजी करताना मूठभर जास्त करा. वाटी झाका, दार वाजवा आणि दहा मिनिटे बसून या. त्यांनी वाटी परत करण्याची घाई केली तर सांगा, "राहू द्या, उद्या मीच न्यायला येते."