स्मृतीचे कौतुक, कानांची हेळसांड

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण वर्गात लोकशहाणपण म्हणून शिकवतो. खेड्यापाड्यांत मात्र तिच्याकडून रोगनिदानाचे काम करून घेतले जाते: म्हातारी विसरू लागली, की म्हण उच्चारायची आणि विषय मिटवायचा.

मौखिक साहित्याच्या अभ्यासकांचा भाबडेपणा याच्या नेमका उलट टोकाचा. जिंतूर तालुक्यातल्या आंध आदिवासींसारख्या समाजांत अक्षरांवाचून वृद्धांची स्मृती अधिकच तल्लख राहते, असे ते गृहीत धरतात. २०१७ ते २०२० या काळातील ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आढळले. शहरांत ५.३, खेड्यांत ८.४; अशिक्षितांत अधिक. कौतुकाने हे आकडे बदलत नाहीत.

‘लान्सेट’च्या आयोगाने २०२४मध्ये बदलता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. बालपणी न मिळालेली शाळा, बहिरेपण, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा ही त्यांतलीच. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. यांतले ‘आदिवासी संस्कृती’ म्हणून खपवता येईल असे काय आहे? सारा प्रश्न शाळेचा, चष्म्याचा, श्रवणयंत्राचा, गोळ्यांचा.

रक्तदाब मोजणे मराठीच्या संशोधकाचे काम नव्हे, मान्य. पण आजी भलतेच उत्तर देते, तेव्हा तिला प्रश्न ऐकू तरी आला का, हे न पाहताच तो ‘निवेदिकेची स्मृती क्षीण’ अशी तळटीप देतो. मार्गदर्शकही त्याखाली निमूटपणे सही करतात.