चरित्रातली तिची जागा

इंग्लंडमधले बिशप जॉर्ज बेल यांचं चरित्र न्यायानं कसं लिहायचं, हा प्रश्न मला सतावतो आहे. १९२९ पासून १९५८ पर्यंत ते चिचेस्टरचे बिशप होते. हिटलरच्या छळातून निसटलेल्यांना त्यांनी आसरा मिळवून दिला. १९४४ मध्ये जर्मन शहरांवरच्या सरसकट बाँबफेकीला त्यांनी भर युद्धात, लॉर्ड्‌सच्या सभागृहात विरोध केला. हे पुसता येणार नाही.

१९९५ मध्ये एका बाईनं तेव्हाच्या बिशपांना पत्र लिहिलं: लहानपणी बेल यांनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केले. ती तक्रार पोलिसांकडे गेली नाही. २०१५ मध्ये चर्चनं तिची माफी मागून भरपाई दिली. २०१७ मध्ये लॉर्ड कार्लाइल यांच्या अहवालानं चर्चची ती चौकशीच सदोष ठरवली. आरोप खरा की खोटा, हे ठरवणं त्यांच्याकडे सोपवलेलंच नव्हतं. तरी बेल निर्दोष सुटले, असं अनेकांनी म्हटलं.

बाईचं म्हणणं ऐका, असं आपण सांगतो. मीही रोज सांगते. पण ऐकणं म्हणजे नीट तपासणंही. घाईची चौकशी पुढे तिच्यावरच उलटते. चरित्रकारानं निवाडा देऊ नये, पण तिला तळटीपेतही ढकलू नये. तिच्या पत्राचं वीस वर्षं काय झालं, हे त्या पुस्तकात सविस्तर यायला हवं.