गाडी लागते की गाडी गळते?

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी निघालेली गाडी घाटात शिरली की मागच्या सीटवरचे एखादे मूल डोके दुखते म्हणू लागते आणि शेवटी उलटी करते. ‘त्याला गाडी लागते’ असे म्हणत आवळासुपारी पुढे केली जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण गाडीत पेट्रोलचा वास येत असेल, तर मुलाआधी गाडी तपासायला हवी.

पेट्रोलची वाफ श्वासावाटे गेली की डोकेदुखी, चक्कर, मळमळ होते, डोळे चुरचुरतात. मोकळ्या हवेत गेल्यावर तासाभरात बरे वाटते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण कमाल १ टक्का ठरवले आहे. पण दीर्घकाळच्या संपर्काने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे. एका प्रवासाने असे काही होत नाही. मात्र रोज काही तास काचा बंद करून गाडीत बसणाऱ्या चालकाने हा टाळता येणारा धोका का पत्करावा?

दुर्दैवाने यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली. तापाचे कारण न शोधता नुसत्या गोळ्या घेण्यासारखेच हे. शिवाय नाक काही मिनिटांत वासाला सरावते. त्यामुळे ‘आता वास येत नाही’ हे आत बसलेल्याचे म्हणणे ग्राह्य धरू नये. बाहेरून नुकताच आत आलेल्या माणसाला विचारावे.

डॉक्टर रुग्णाला ‘कधी दुखते, कशाने वाढते’ असे विचारतात. गाडीलाही तेच प्रश्न विचारता येतात. टाकी भरल्यानंतरच वास येतो का? मग झाकण, त्याची रबरी रिंग किंवा टाकीत पेट्रोल ओतणारी नळी पाहावी. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणण्याची सवय इथे नडते. जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरते आणि तो निकामी होऊ शकतो. सकाळी गाडी सुरू करताना किंवा ब्लोअर लावल्यावर वास येतो का? मग बॉनेटखालची तडकलेली नळी किंवा इंजेक्टरचे सील संशयित. मागच्या सीटपाशी जास्त येतो? अनेक गाड्यांत इंधनाचा पंप तिथेच खाली असतो. सीएनजी असेल तर गॅसला तो वास गळती कळावी म्हणून मुद्दाम दिलेला असतो. त्याच्या सिलिंडरची दर ३ वर्षांनी चाचणी बंधनकारक आहे.

शोध घेताना काडी किंवा लायटर पेटवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि ठिणगीने भडकते. वास तीव्र असेल किंवा गाडीखाली थेंब दिसत असतील, तर गाडी सुरू न करता सगळ्यांनी खाली उतरावे आणि मेकॅनिकला जागेवर बोलवावे.

‘पीयूसी आहे ना?’ या समजुतीतही राहू नये. त्या चाचणीत सायलेन्सरमधून बाहेर पडणारा वायू मोजला जातो. टाकी किंवा नळीतून झिरपणारी वाफ त्यात सापडत नाही. म्हणजे बाहेरच्यांना त्रास देणारा धूर मोजायची सोय आहे, आत बसलेल्यांच्या नाकात जाणारी वाफ मोजायची नाही. झाकण, नळ्या आणि सील यांची तपासणीही वर्षातून एकदा सक्तीची व्हायला हवी. तोवर सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘पेट्रोलचा वास येतो’ हे जॉब कार्डवर लिहून घ्यावे आणि ‘थोडा येतोच’ हे उत्तर स्वीकारू नये. गाडी धडधाकट असेल, तर आत पेट्रोलचा वास येत नाही.