हिजरी वर्षाचा हिशेब

मुहर्रमचा चाँद दिसला आणि दरवर्षीप्रमाणे आम्ही सरत्या वर्षाचा हिशेब मांडला. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान; पण यंदाचं आम्हाला फार लांबलं.

रबिउल अव्वलमध्ये कुवेतची नोकरी सुटून भाईजान चिपळूणला परतले. इकडे शव्वालमध्ये धाकटीचा निकाह ठरलेला. हॉल, सातशे माणसांचं जेवण, म्हणून अब्बा पतपेढीचं कर्ज काढायला निघाले. तेव्हा धाकटीच म्हणाली, "अब्बा, दावत-ए-वलिमा मुलाकडची. मुलीच्या बापावर जेवणावळ कुणी फर्ज केली?"

अब्बा दोन दिवस गप्प होते. मग निकाह असरनंतर मोहल्ल्याच्या मशिदीत झाला. खजूर आणि शरबत वाटलं. मेहेर तिथेच रोख अदा झाला. काही नातलग रुसले. काहींचा रुसवा अजून गेलेला नाही. पण घरावर कर्ज नाही, आणि राखलेल्या पैशांतून भाईजाननी फ्रिज-एसी दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. अल्हम्दुलिल्लाह, गिऱ्हाईक येऊ लागलं आहे.

बकरी ईदनंतर मांडवी एक्स्प्रेसने आम्ही सगळे पनवेलला धाकटीच्या सासरी जाऊन आलो. तिने आधी मांजराची चौकशी केली! रमजानमध्ये सहरीच्या वेळी दाराशी आलेलं ते पिल्लू अजून तिच्याच पलंगावर झोपतं. मांजर घरात नको म्हणणारी अम्मीच आता त्याला दूध घालते.

वाचक हो, तुमच्या घरी निकाह ठरत असेल, तर कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एकदा मुलीला विचारा.