कृष्णाकाठची वाचनमाला

जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाच्या आरंभीच्या काळात, १९०५ साली, याच शहराने सारस्वतांचे स्वागत केले होते. तो मान १९९३ नंतर त्याला पुन्हा मिळाला. त्याआधी २००८ साली सांगलीत ८१ वे संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष म. द. हातकणंगलेकर यांनी आपल्या अध्यापनाची अनेक वर्षे विलिंग्डन महाविद्यालयात घालविली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या साऱ्याचा आनंद मराठी माणसाला होणे स्वाभाविक आहे. परंतु संमेलनाचे मांडव उतरल्यानंतर एक साधा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर ना शासन देते, ना साहित्य संस्था. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती मराठीतले कोणते पुस्तक द्यायचे, हे कोणी ठरवायचे?

शाळेत जाणाऱ्या मुलापुरते हे उत्तर तयार असते. ‘कुमारभारती’ आणि ‘युवकभारती’ ठरलेल्या असतात, शिक्षक असतात, परीक्षा असते. परंतु आपल्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा निर्णय घेणारी कुटुंबे आता केवळ मुंबई-पुण्यातच आढळतात असे नाही. २०२० साली कोरोनाच्या संकटात शाळा बंद झाल्या आणि शाळेविनाही शिक्षण होऊ शकते, हा विचार लहान शहरांतील घरांतही पोहोचला. अशा मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेला बसता येते, किंवा १७ नंबरचा अर्ज भरून राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या देता येते. म्हणजे प्रमाणपत्राची वाट मोकळी आहे. परीक्षेपुरती भाषा कोणती घ्यावी, याचेही पर्याय उपलब्ध आहेत. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. पण तो कायदा शाळेला लागू आहे, घराला नाही. घराच्या उंबरठ्यावर कायदा थांबतो आणि तेथून पुढे पालकांचा विवेक सुरू होतो.

हे स्वातंत्र्य मोठे आहे, म्हणून जबाबदारीही मोठी आहे. शाळेतील मुलाला वाईट पाठ्यपुस्तक मिळाले तरी एखादे चांगले शिक्षक, एखादा वाचणारा मित्र, शाळेचे ग्रंथालय यांपैकी कोणीतरी ती उणीव भरून काढते. घरी शिकणाऱ्या मुलापाशी हे काहीच नसते. आईवडिलांची आवड हेच त्याच्या साहित्याचे क्षितिज होऊन बसते. म्हणूनच या पालकांकडून होणाऱ्या दोन चुकांविषयी स्पष्ट लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

पहिली चूक उसन्या अभ्यासक्रमाची. अमेरिकेत घरी शिकविणाऱ्या कुटुंबांसाठी आखलेले तयार अभ्यासक्रम आणि पुस्तकांच्या याद्या आता सहज मिळतात. त्यांत मेहनत आहे, शिस्त आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या याद्या त्या समाजाने आपल्या मुलांसाठी, आपल्या इतिहासातून आणि आपल्या श्रद्धेतून तयार केल्या आहेत. त्या जशाच्या तशा उचलल्या, तर साताऱ्याच्या मुलाला इंग्लंडातील ओसाड माळाचे वर्णन पाठ होते आणि माणचा माळ मात्र मोटारीच्या काचेतून दिसतो तेवढाच ठाऊक असतो. त्या समाजाने जे केले त्याचे अनुकरण करायचेच असेल, तर यादीचे नव्हे, पद्धतीचे करावे. त्यांनी आपल्या भूमीपासून सुरुवात केली, तशी आपणही करावी.

दुसरी चूक आपल्याच मंडळींची आहे, आणि ती सांगणे अधिक अवघड आहे. घरी शिक्षण म्हणजे संस्कार, आणि संस्कार म्हणजे केवळ वीरचरित्रे, स्तोत्रे व बोधकथा, असा एक समज आपल्यात रूढ आहे. लहान वयात हे सारे हवेच. परंतु पंधराव्या वर्षी मुलाला प्रश्न पडू लागतात. आपल्या समाजाचे दुखणे काय आहे, ते कोणामुळे आहे, असे तो विचारू लागतो. त्या वेळी त्याच्या हाती केवळ गौरवगाथा असतील, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर त्याची जिज्ञासा मरते, किंवा ती घराबाहेर जाऊन, समाजाविषयी द्वेष शिकविणाऱ्यांच्या पंगतीला बसते.

घरी शिकण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावात १८६२ साली जन्मलेल्या रमाबाई लग्नानंतर अक्षर शिकल्या त्या न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून, घरातच. ज्या घरात पती शिकवीत होते त्याच घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा या शिक्षणाला कडवा विरोध होता. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात रमाबाईंनी ते सारे संयमाने लिहून ठेवले आहे. घर शिकवू शकते आणि घर अडवूही शकते, हे या एका पुस्तकातून पालकांनी आधी स्वतः शिकावे. वाईला १९१६ साली नारायणशास्त्री मराठे यांनी प्राज्ञपाठशाळा काढली. सरकारी शाळेच्या चौकटीबाहेरच्या त्या विद्येतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. जुन्या शास्त्रांत मुरलेला पंडित आधुनिक ज्ञानाचा कोश रचू शकला, कारण त्याने वाचताना आपली आणि परकी अशी भिंत घातली नाही.

तिसरे उदाहरण मन अस्वस्थ करणारे आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांची शाळा जेमतेम दीड दिवसाची म्हणून सांगितली जाते. ते शाळेबाहेर राहिले ते कोणाच्या आवडीने नव्हे, तर दारिद्र्याने आणि जातीमुळे वाट्याला आलेल्या अवहेलनेने. आज एखादे सुस्थित कुटुंब स्वेच्छेने मुलाला शाळेत पाठवीत नाही, तेव्हा ज्यांना शाळेने दारातच उभे केले त्यांचे स्मरण त्या कुटुंबाने ठेवले पाहिजे. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर या बालकाचे नाव नोंदले गेले. त्या एका नोंदीचे मोल काय होते, हे शाळा सोडणाऱ्याला अधिक कळले पाहिजे.

मग अभ्यासक्रम कसा असावा? आम्ही येथे सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांपुरती एक रूपरेषा मांडतो. इतर जिल्ह्यांतील वाचकांनी आपापल्या भूमीतून अशीच वाचनमाला रचावी.

नवव्या इयत्तेच्या वयात व्यंकटेश माडगूळकर यांच्यापासून आरंभ करावा. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) ही पुस्तके भाषेने सोपी आणि आशयाने खोल आहेत. औंध संस्थानातील धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण शिक्षक, त्याची शाळा, गावाने मिळून उभारलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने पांगलेले गाव हे वाचताना मुलाला कळते की शिक्षण ही गावाच्या विश्वासावर उभी राहणारी गोष्ट आहे. सोबत त्यांचे थोरले बंधू गदिमा यांचे ‘गीतरामायण’ ऐकावे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेली ही ५६ गीते मुलाने केवळ ऐकू नयेत. प्रत्येक गीत कोणाच्या तोंडी आहे आणि त्यामुळे शब्दांची निवड कशी बदलते, हे त्याने शोधावे. काव्याचा याहून चांगला पहिला पाठ आम्हाला ठाऊक नाही.

दहाव्या इयत्तेच्या वयात सज्जनगडाकडे वळावे. ‘दासबोध’ पारायणाचा ग्रंथ आहे, तसाच तो मराठी गद्यवळणाच्या रोखठोक विचारांचाही ग्रंथ आहे. त्याच्या वीस दशकांपैकी निवडक समास घ्यावेत. एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीचा लेखनक्रियेविषयीचा समास वाचावा आणि मुलाने त्यानंतर एक पान स्वतःच्या हाताने, टापटिपीने लिहावे. याच वर्षी नाटक वाचावे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीची वाट मोकळी झाली. त्याच सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली ब्रिटिश सरकारने बंदी घातली. महाभारतातील एका कथेला साम्राज्य का घाबरले, या प्रश्नावर मुलाने चार पाने लिहिली तर त्याला साहित्य आणि राष्ट्रजीवन यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आणि लगेच हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ (१८९९) वाचावे, म्हणजे परकी सत्तेशी झुंजणारा समाज आपल्याच लेकींशी कसा वागत होता, हेही त्याला दिसेल.

अकराव्या इयत्तेच्या वयात अण्णा भाऊंची ‘फकिरा’ (१९५९) आणि शेक्सपिअर. हा जोड विचित्र वाटेल, पण तो सकारण आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावच्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ रचले. मूळ इंग्रजी आणि ही मराठी रूपे शेजारी ठेवून वाचली, तर दोन्ही भाषांचा अभ्यास एका वेळी होतो. आगरकरांची मते आपल्या काही वाचकांना पटत नसतील. न पटणारे वाचून त्याला उत्तर देता येणे हीच तर विद्येची कसोटी आहे. ‘फकिरा’मध्ये मात्र मुलाला असा वीर भेटतो जो इतिहासाच्या पुस्तकात सहसा नसतो. भुकेलेल्या वस्तीसाठी इंग्रजी सत्तेशी झुंजणारा हा मांग वीर आपल्या वीरपरंपरेचाच आहे, आणि त्या परंपरेत त्याचे स्थान नाकारले गेले, हे दोन्ही एकत्र समजले पाहिजे.

बाराव्या इयत्तेच्या वयात आत्मचरित्रे यावीत. यशवंतराव चव्हाण यांचे ‘कृष्णाकाठ’ (१९८४) आणि आटपाडीच्या शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) ही दोन पुस्तके एकामागून एक वाचावीत. एकाच नदीच्या प्रदेशातले दोन मुलगे, दोघेही गरीब घरातले, दोघांनीही पुढे मोठी पदे भूषविली; पण एकाला जे रस्ते मोकळे होते ते दुसऱ्याला का नव्हते, हा प्रश्न मुलगा आपणहून विचारील. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’, जिच्यामुळे मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले, तीही याच वर्षी. त्यातील भोगाचा प्रश्न त्याआधी कळण्याजोगा नाही.

‘तराळ-अंतराळ’विषयी काही पालक आक्षेप घेतील, हे आम्ही जाणतो. कोवळ्या मनाला हे कशाला, यातून समाजात दुहीच वाढेल, असे ते म्हणतील. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. गावकीची तराळकी करणाऱ्या बापाच्या मुलाने जे सोसले ते त्याच्या समवयस्काला वाचायला जड जात असेल, तर ते सोसणे किती जड असेल याचा विचार करावा. दुही पुस्तकाने निर्माण केलेली नाही. ती आधीच होती, पुस्तकाने ती सांगितली. अखंड हिंदू समाजाचे चित्र आपण मुलापुढे ठेवतो. त्या समाजातील एका भावाने दुसऱ्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, हे आपण लपविले आणि उद्या दुसऱ्या कोणी ते त्याला सांगितले, तर तो आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. समरसता हा शब्द सभेत उच्चारणे सोपे आहे. ती घरातल्या पुस्तकांच्या कपाटात दिसली पाहिजे.

आता पद्धतीविषयी थोडे. वर्षाला सहा पुस्तके पुरेत, पण ती पूर्ण वाचावीत. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन व्हावे आणि त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी ऐकावे. मराठीचा लहेजा कानांनी शिकला जातो. प्रत्येक पुस्तकावर एक निबंध, तोही मार्गदर्शकाची मदत न घेता. वर्षातून दोनदा पुस्तकाच्या गावाला जावे. माडगुळे, वाटेगाव, देवराष्ट्रे, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम यांतले कोणतेही ठिकाण एका दिवसाच्या प्रवासापलीकडे नाही. महाबळेश्वरच्या वाटेवरील भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ आहे. तेथे दोन दिवस मुलाला मोकळे सोडावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरी शिकणाऱ्या मुलाला साहित्य एकट्याने शिकवू नये. गणित एकट्याने सोडविता येते, कादंबरीवरचा वाद एकट्याने घालता येत नाही. तीन-चार कुटुंबांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, आणि ती कुटुंबे एकाच गल्लीतली, एकाच जातीची असू नयेत. गावातील निवृत्त मराठी शिक्षकांना सन्मानाने बोलवावे. शाळेत जाणारी शेजारची मुलेही या बैठकीत यावीत. त्यांनाही ‘कुमारभारती’बाहेरची मराठी हवीच आहे.

मुलाला घरी शिकवायचे की शाळेत, हा ज्या त्या कुटुंबाचा निर्णय आहे आणि त्यावर आम्ही मत देत नाही. परंतु ज्यांनी घर निवडले त्यांनी घराचे दार बंद करून घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, पण माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना आणि हरिपूरला वारणा तिला येऊन मिळतात, तेव्हा ती पुढच्या प्रदेशाला पुरेल एवढी होते. आपल्या मुलांची मराठी तशीच वाढावी. यंदाच्या जूनपूर्वी प्रत्येक पालकाने पुस्तकांची यादी करावी, आणि आपल्याला स्वतःला वाचायला जड गेले असे निदान एक पुस्तक तिच्यात अवश्य ठेवावे.