प्रयोगशाळेतला खादाड

बालमित्रांनो, आज एक कोडं घालते. एका विद्यापीठाच्या आवारात दोन इमारती शेजारीशेजारी उभ्या आहेत. एकीत भाषा आणि इतिहास शिकवतात, दुसरीत रसायनशास्त्र. उंची सारखी, खोल्याही तेवढ्याच. तरी दुसरीचं विजेचं बिल कितीतरी जास्त. का बरं?

“यंत्रं असतात ना बाई!” असं तुम्ही म्हणणार. बरोबर, पण अर्धंच. खरा खादाड निराळा आहे. रसायनांच्या प्रयोगशाळेत भिंतीलगत मोठी कपाटं असतात, समोर वरखाली सरकणारी काच. त्यांना ‘फ्यूम हूड’ म्हणतात. विषारी वायू सुटणारा प्रयोग या कपाटाच्या आत करायचा. पंखा तो वायू ओढून थेट छपराबाहेर टाकतो. पण त्या वायूबरोबर खोलीतली गार केलेली हवाही जाते की! मग तेवढीच नवी हवा बाहेरून घ्या, ती गार करा आणि पुन्हा बाहेर फेका. कूलर-एसी लावून दारं सताड उघडी टाकावीत, तसला प्रकार. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा असं एक कपाट तिथल्या साधारण साडेतीन घरांइतकी ऊर्जा खातं असं दिसलं. एकच कपाट हं!

मग पंखे बंद करायचे? छे! प्रयोग करणाऱ्यांच्या जिवावर बेतेल. म्हणून आराखडा काढणाऱ्याला आधी बाकीच्या इमारतीची भूक कमी करावी लागते.

हे कसं करतात ते कानपूरच्या आयआयटीत बघायला मिळतं. तिथल्या पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी केंद्राची इमारत ही ‘गृह’ या भारतीय पद्धतीने तपासलेली देशातली पहिली हरित इमारत. तिला पाचपैकी पाच तारे मिळाले. आणि एक आपलेपणाची गोष्ट सांगते. या आयआयटीचा मूळ परिसर आखणारे वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे हे आपल्या कोकणातले, आचऱ्याचे. जन्म १९१६ चा. ही नवी इमारतही त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेनेच आखली.

कानपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तिथे छपरावर बांबूचा मांडव घालून वेली चढवायचं ठरलं. आजीच्या परसातला दोडक्याचा मांडव आठवला ना? तेच शास्त्र. ऊन वेलींनी झेलायचं, स्लॅबने नाही.

मला सगळ्यात आवडली ती जमिनीखालची युक्ती. तीन-चार मीटर खोल गेलं की मातीला ना मे कळतो ना जानेवारी. तिथलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, २५-२६ अंशांच्या आसपास राहतं. म्हणून बाहेरची हवा आधी पुरलेल्या नळांतून फिरवून आत आणायची. उन्हाळ्यात ती निवते, थंडीत थोडी ऊबदार होते. यंत्राचं निम्मं काम माती फुकटात करते. (खोल विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं, ते आता ओळखा पाहू.)

दिशेचंही तसंच. जूनमध्ये दुपारी बाराचा सूर्य कानपूरला जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर लहानसा छज्जा काढला तरी ऊन अडतं. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो आणि तेच ऊन छज्ज्याखालून आत येतं. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं घुसतं, तिथे छज्जा हात टेकतो. पालकहो, पश्चिमेला आख्खी काचेची भिंत लावून वर ‘आधुनिक’ म्हणवणाऱ्या इमारती पाहिल्या की मला तर घामच फुटतो!

आणि आपला खादाड? नव्या इमारतींत त्याची काच खाली ओढली की पंखा आपोआप मंदावतो. पण ओढणार कोण? अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात चक्क काच बंद ठेवण्याची स्पर्धा लावतात, प्रयोगशाळा विरुद्ध प्रयोगशाळा. मोठे शास्त्रज्ञ बरं का, तुमच्यासारखेच दार लोटायला विसरणारे!

उद्या शाळेत दुपारी तीन वाजता बघा, तुमच्या वर्गात ऊन कोणत्या खिडकीतून, किती फरश्या आत येतं. खडूने खूण करा. महिन्याने पुन्हा मोजा आणि मला कळवा.