ठिगळ लागले, पण घरी पोचले का?



वाय-फायचा डबा आता चाळीतल्या खोलीतही दिसतो. पोरांचा अभ्यास, नोकरीचे फॉर्म, बँकेचा व्यवहार, सारे त्यावरून चालते. अशा बऱ्याच डब्यांच्या पोटात लिनक्स ही प्रणाली असते. ती कुणालाही वाचता येते, सुधारता येते. दुरुस्तीच्या तुकड्याला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे आपले ठिगळच.

११ मे २०२१ रोजी बेल्जियमचे संशोधक मॅथी वॅनहूफ यांनी वाय-फायमधले अनेक दोष जाहीर केले. ‘फ्रॅगअटॅक्स’ हे त्यांचे नाव. मोठा संदेश हवेतून तुकड्यातुकड्यांनी जातो आणि घेणारे यंत्र ते तुकडे जोडते. पण सगळे तुकडे एकाच किल्लीने बंद केलेले आहेत की नाहीत, हे तपासण्याची सक्तीच नव्हती! काही दोष तर १९९७ पासूनचे, मूळ आराखड्यातलेच. बातमी फुटण्याआधी नऊ महिने गुपचूप तयारी चालली होती. लिनक्ससाठीची ठिगळे योहानेस बर्ग यांनी त्याच दिवशी सर्वांपुढे ठेवली.

खरी दगदग यापुढची. लिनक्सच्या वायरलेस विभागात दोन वह्या चालतात असे समजा. एकीत चालू आवृत्तीच्या चुका दुरुस्त होतात, दुसरीत पुढच्या आवृत्तीचे नवे काम चढते. दुरुस्ती पहिल्या वहीतून नेटवर्किंग विभागाच्या वहीत जाते आणि तिथून लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य वहीत. मुख्य वहीत चढल्याशिवाय ती जुन्या आवृत्त्यांकडे पाठवायची नाही, असा दंडक आहे. दंडक जाचक वाटेल, पण मला तो रास्त वाटतो. नाहीतर जुन्यात मिटवलेली चूक नव्यात तशीच राहायची. शिवाय ही चूक पूर्वीच्या कोणत्या बदलामुळे शिरली, ते ठिगळाबरोबर एका ओळीत लिहितात. त्यावरून ती कोणकोणत्या शाखांत गेली असेल ते कळते. खतावणी लिहिणाऱ्याला हे सांगायला नको. चुकीची नोंद कोणत्या तारखेची हे सापडले, की पुढची पाने सुधारता येतात.

त्या वेळी जानेवारी २०१६ मध्ये निघालेली ४.४ ही शाखाही सांभाळली जात होती. पाच वर्षांत भोवतालच्या ओळी इतक्या बदललेल्या, की नवे ठिगळ जसेच्या तसे बसेना. जुन्या कापडाच्या मापाने ते पुन्हा बेतावे लागले. काही आठवड्यांत तेही झाले. असल्या कामाला कोणी हार घालत नाही.

राऊटरसाठी ओपनडब्ल्यूआरटी नावाची मुक्त प्रणाली २००४ पासून आहे. तिथेही हाच खटाटोप. मेमध्ये जाहीर झालेल्या दोषांची दुरुस्ती तिच्या १९.०७ शाखेच्या नव्या आवृत्तीतून ऑगस्टमध्ये लोकांच्या हाती आली.

पण ज्या डब्याकडे कंपनीनेच पाठ फिरवली, त्याच्यापर्यंत यातले काहीच आपोआप येत नाही. तेव्हा घरचा डबा उलटा करा, मॉडेल नंबर वहीत टिपून घ्या आणि त्याचे फर्मवेअर शेवटचे कधी बदलले ते केबलवाल्याला विचारा. तारीख मे २०२१ पूर्वीची निघाली, तर ही ठिगळे त्यात असण्याची आशा फार थोडी. नवे फर्मवेअर मागा. कंपनी देत नसेल, तर ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आपले मॉडेल आहे का, ते कॉलेजातल्या पोराला बघायला सांगा.